हात लावायचा नाही

"अगं बाई, हळू! हात आहे माझा, कणीक नाही!"

फान बाई खाटेवरून अर्ध्या उठल्या आणि सू-छिनने दोन्ही हात चटकन मागे घेतले. तिच्या मते तिने अंगठे नुसते टेकवले होते. एवढ्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकं तिच्या हाताखाली घोरली होती, एखाददुसरं रडलंही होतं, पण ओरडलं कधी कुणी नव्हतं. ज्याई शहरातल्या त्या हॉस्पिटलच्या तळघरात, औषधांची खिडकी आणि भाताची दुकानं यांच्या मधल्या बोळात, पडदे लावलेल्या तीन खाटांवर ती आणि तिचा नवरा लाय योंग-फू मालिश करायचे. दोघंही जन्मापासून आंधळे. मालिशचा धंदा तिथे आंधळ्यांचा म्हणूनच ओळखला जायचा, आणि त्यात सू-छिनचं नाव असं की लोक वर डॉक्टरला दाखवून झालं की खाली येऊन म्हणायचे, चला, आता खऱ्या डॉक्टरकडे आलो. योंग-फूला त्याचा राग यायचा नाही. आपला हात जड आणि बायकोचा जाणता, हे त्याने कधीच मान्य करून टाकलं होतं.

त्या जाणत्या हाताचं आता काय झालंय हे मात्र फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं. केमो संपत आली तशी तिच्या बोटांची टोकं गेली. म्हणजे जागेवर होती, नखंही वाढत होती, पण कुणी जाड मोजे चढवून वर दोरा गुंडाळावा तशी झाली. पहिल्यांदा कळलं ते ह्याच हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये. बटणांशेजारचे उठावाचे ठिपके वाचायला तिने बोट फिरवलं, तर भिंत सपाट. पुन्हा फिरवलं. सपाटच. ठिपके कुणी काढून नेले की काय, असं तिला खरंच वाटलं. मग अंदाजाने दाबलं ते बटण तिला स्वयंपाकघरात घेऊन गेलं आणि भांडी घासणाऱ्या बायांमध्ये ती कितीतरी वेळ नुसती उभी राहिली. माणसाचे डोळे जातात तेव्हा कसं वाटत असेल, हे तिला तेव्हा कळलं. जन्मापासून नसलेली गोष्ट जात नसते. तिचे डोळे होते ते बोटांच्या टोकांवर, आणि ते गेले होते.

नर्स म्हणाली होती, पुष्कळ जणींचं परत येतं, पण हळूहळू. रोज कुणीतरी हलक्या हाताने चोळून दिलं तर बरं वाटतं. आणि मग हसून म्हणाली, "तुम्हाला काय सांगायचं? तुमच्या घरात तर नवराच मालिशवाला!"

सू-छिनही हसली होती. न हसून सांगणार काय? नवरा दिवसभर परक्यांची अंगं रगडतो आणि मला ऑपरेशन झाल्यापासून त्याने बोट लावलेलं नाही, हे नर्सला सांगायचं?

डोळस नवरा-बायकोत बिनसलं की ती एकमेकांकडे बघत नाहीत म्हणे. आंधळ्यांच्या घरात बघणं म्हणजे हात लावणंच. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात एकमेकांच्या बाजूने जाताना खांद्याला हात लावून जायचं, ही लग्नापासूनची रीत. मी इथे आहे, एवढंच त्या हाताने सांगायचं. डावी छाती काढून ती घरी आली त्या दिवसापासून योंग-फू खांद्याला हात लावायचा बंद झाला. तो खाकरायला लागला. स्वयंपाकघरातून येताना खाकरायचा, न्हाणीघरात जाताना खाकरायचा. सूपचा वाडगा तिच्या हातात द्यायच्या ऐवजी टेबलावर ठेवायचा आणि दोनदा चमचा वाजवायचा. सूप मात्र रोज करायचा. जखम भरायला चांगलं म्हणून माशाचं, आल्याच्या काड्या घालून, एक दिवस चुकवला नाही. रात्री पलंगाच्या कडेला असा झोपायचा की एखाद्या दिवशी खाली पडेल.

तिने स्वतःची समजूत काढली होती. त्याला किळस आली असेल. डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला कळणारच की, एका बाजूला काही नाही. पुरुष तो पुरुषच, दिसो नाहीतर न दिसो. ही समजूत तिने अशी पक्की गिळली होती की आता ती घशात टोचायचीही बंद झाली होती.

कामावर ती गेल्याच आठवड्यात परत आली होती. योंग-फूने गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं की बायको बहिणीकडे गेली होती, ताइतुंगला. तेही तिला लागलं होतं. आज तो जेवण आणायला गेला होता आणि त्याच्या नावावर आलेल्या फान बाई वाट बघून कंटाळल्या, म्हणून ती म्हणाली होती, या, मी बघते.

"चुकलं बाई," ती आता म्हणाली. "जोर जरा जास्त झाला."

"जरा? अगं, ह्या हाताला रगडायचंच नसतं. लाय दादांनी सांगितलं नाही का तुला?" फान बाई पुन्हा आडव्या झाल्या. त्यांच्या पिशवीतल्या पेरूंचा वास खाटेखालून वर येत होता. "माझी डावीकडची काढलीय ना. काखेतल्या गाठीसकट. तेव्हापासून हा हात सुजतो. मी तर म्हणते, हाताच्या जागी मुळा लावलाय."

डावीकडची. म्हणजे सू-छिनसारखीच. तिने आपलं सांगितलं नाही. "मग हा... योंग-फू काय करतो ह्याचं?"

"काय करतो म्हणजे? कातडीवर नुसता हात फिरवतो. दाबत नाही, चोळत नाही, कातडी जरा सरकवतो आणि सोडतो. आधी मानेपाशी, मग धडधाकट बाजूच्या काखेत, मग ह्या हातावरून वर वर. मला तर पहिल्या दिवशी वाटलं, हा माणूस पैसे घेऊन मला फसवतोय. पण घरी गेले आणि बांगडी फिरायला लागली की गं! वसंतापासून येतेय मी. वरच्या व्यायामवाल्या बाईंनी मालिशवाल्यांसाठी वर्ग घेतला होता ना, त्यांनीच मला खाली पाठवलं. म्हणाल्या, लाय यांचा हात फार हलका आहे."

योंग-फूचा हात हलका. सू-छिनने खाटेची कड धरली, आणि कड हाताला लागली की नाही हेही बोटांना नीट कळेना.

"आणि छातीवरच्या वणाशेजारी पण करतो हो," फान बाई सांगतच होत्या. "मला आधी लाजच वाटली. मग म्हटलं, त्या बिचाऱ्याला दिसतंय कुठे? माझ्या नवऱ्याने अजून बघितलेलं नाही. हा पहिला पुरुष ज्याने त्या जागेला हात लावला. देव भलं करो त्याचं. पेरू त्याच्यासाठीच आणलेत."

बोळात काठीची टकटक ऐकू आली. मग खाकरणं. पडद्यापाशी टर्कीच्या मांसाच्या भाताचा आणि तळलेल्या कांद्याचा वास आला आणि योंग-फू थबकला. फान बाईंचा आवाज आणि बायकोचा श्वास एकाच पडद्यामागे, हे त्याला कळलं असणार.

"या दादा, या!" फान बाई म्हणाल्या. "तुमच्या बायकोने आज माझं लोणचं घातलं असतं. तिला शिकवा जरा!"

फान बाईंना वर तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं होतं, मालिश नंतर करू म्हणून त्यांनी ब्लाउज चढवला आणि सपाता ओढल्या. "पेरू इथेच ठेवते गं. थोडे घरी न्यायचेत, परत आले की वाटणी करू," म्हणाल्या, आणि सपाता फटकारत लिफ्टच्या बाजूला गेल्या.

डबे टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. चमचा दोनदा वाजला.

"जेवून घे, गार होईल," योंग-फू म्हणाला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"योंग-फू, मी आंधळी आहे, बहिरी नाही. त्या बाईच्या वणाला तू वसंतापासून हात लावतोयस. परक्या बाईच्या! आणि माझ्या खांद्याला लावायला तुझ्या हाताला काय काटे टोचतात?" तिचा आवाज चढला. बोळातली माणसं ऐकतील ह्याची तिला आता पर्वा नव्हती. "माझी किळस येते ना तुला? सांगून टाक. एवढे महिने गिळलं, आता तेही गिळते."

"किळस?" त्याला खरंच समजलं नसावं. "कसली किळस?"

"मग काय?"

तो खाटेवर बसला. खाट त्याच्या वजनाने करकरली. तो अगदी हळू बोलला.

"त्साय उस्तादांनी पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं, आठवतं?"

आठवत कसं नाही? आंधळ्यांच्या शाळेत दोघं एकाच वर्गात होती. त्साय उस्ताद कडक. हाडं, शिरा, स्नायू सगळं पाठ करून घ्यायचे, आणि त्याच्याही आधी एक नियम. गाठीच्या माणसाला हात लावायचा नाही. गाठ मळली की ती फुटते आणि रक्तातून अंगभर पसरते. त्यांच्या एका शिष्याने हट्टाने आपल्या आईला मालिश केलं आणि ती पौर्णिमा ते पौर्णिमा जगली नाही, ही गोष्ट ते दरवर्षी नव्या मुलांना सांगायचे. पोरं ऐकून थिजायची. गाठवालं गिऱ्हाईक आलं की हात जोडून परत पाठवायचं, हे त्यांच्या अख्ख्या पिढीच्या हाडीमाशी भिनलं होतं.

"पण ते खोटं आहे," सू-छिन म्हणाली. "मला डॉक्टरांनी सांगितलंय. नर्सनेही सांगितलं. तू त्या वर्गाला गेला होतास, तिथे नाही सांगितलं?"

"सांगितलं. बाई म्हणाल्या, असं काही नसतं, हलक्या हाताने काही पसरत नाही. म्हणाल्या, उलट सूज उतरते, झोप लागते, बोटांना बरं वाटतं."

"मग?"

"मग काय मग? त्या म्हणाल्या. त्यांचं काय जातंय म्हणायला? चुकलं तर त्यांच्या घरचं कुणी जाणार होतं का?" तो थांबला. "देवळात जाऊन माझो देवीला विचारलं. कौलाच्या बांबूच्या फोडी टाकल्या. चाचपून बघितलं तर दोन्ही वेळा दोन्ही फोडींची सपाट बाजू वर. देवी हसली म्हणायचं. हसली म्हणजे हो की नाही, मी कुणाला विचारू? मला खात्री करून घ्यायची होती, सू-छिन. तुझ्या अंगाला हात लावायच्या आधी."

"कशी खात्री?"

तो खाटेवरची चादर सारखी करायला लागला.

"कशी खात्री, योंग-फू?"

"आधी त्यांच्यावर करून बघितलं," तो म्हणाला.

तिला आधी शब्दच नीट ऐकू आले नाहीत असं वाटलं. मग ते आत उतरले, एकेक करून. शेजारच्या दुकानात कुणीतरी भाताच्या डब्यांना रबर लावत होतं. त्याचा फट्‌, फट्‌ असा आवाज तिला किती तरी वेळ ऐकू येत राहिला. ह्या माणसाला ती शाळेपासून ओळखत होती. मुंगी चावली तर हळूच फुंकर मारून उडवणारा माणूस.

"म्हणजे... फान बाई..."

"त्यांना मी काही दुखवलं नाही. बाईंनी शिकवलं तस्संच केलं, एका अक्षराचाही फरक केला नाही. त्यांची सूज उतरली. तूच ऐकलंस ना."

"आणि पसरलं असतं तर?"

"नाही पसरलं."

"पसरलं असतं तर? मेल्या असत्या तर?"

"तर तू वाचली असतीस," योंग-फू म्हणाला.

त्याने ते असं म्हटलं की जणू तिने एखादा साधा हिशेब विचारला होता. सू-छिनला त्याची भीती वाटली. भांडणात, आजारपणात, उधारीच्या दिवसांत, कधीही वाटली नव्हती ती भीती. त्या फान बाई पेरू आणतात. देव भलं करो म्हणतात. आणि ज्या हाताला त्या आशीर्वाद देतात तो हात रोज बघत होता, ही मरते की नाही. तेही कुणासाठी? तिच्यासाठी. तिच्या जिवाची किंमत म्हणून ह्याने दुसरीचा जीव मांडून ठेवला होता, आणि घरी येऊन तिच्यासाठी आल्याच्या काड्या चिरल्या होत्या.

"नराधमा," ती म्हणाली. तिने हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा वापरला.

"असेन," तो म्हणाला.

"आणि एवढं करून, सूज उतरली, बाई ठणठणीत आहे, मग मला का नाही लावलास हात? वसंत गेला, उन्हाळा गेला. कसली वाट बघत होतास?"

खाट पुन्हा करकरली. त्याने पाय वर घेतले होते. तो असं करायचा ते फक्त फार घाबरला की. शाळेत भूकंप व्हायचे तेव्हा करायचा.

"दोघी होत्या," तो म्हणाला. "फान बाई आणि एक गू मास्तरीण. शाळेत शिकवायच्या, निवृत्त. हसऱ्या. मला म्हणायच्या, लाय, तू हात लावलास की मला पाण्यात पडल्यासारखं वाटतं. मी ठरवलं होतं, शरदातल्या चंद्राच्या सणाला तुला सांगायचं. केक आणायचा, सगळं सांगायचं, आणि मग... बोटांपासून सुरुवात करायची. त्याच्या आधीच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. पुढच्याही नाही. नंतर आल्याच नाहीत."

"फोन केलास?"

"नाही."

"का?"

"उचलला नाही तर?"

आता सू-छिनही डगमगली. तिला माहीत होतं की ते खोटं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण त्साय उस्तादांचा आवाजही कानात होताच, आणि तो डॉक्टरांच्या आधीपासून तिथे होता. "आणि फान बाईंना तरीही करत राहिलास?"

"नाही म्हणायला काय कारण देणार? आणि..." तो अडखळला. "आणि अजून बघत होतो."

"फोन लाव."

"सू-छिन..."

"लाव म्हणते ना! माझ्यासाठी केलंस म्हणतोस ना? मग माझ्यासमोर लाव. मोठ्या आवाजावर टाक."

फोनमधली यंत्रातली बाई एकेक नाव वाचत गेली. गू मास्तरीण म्हटल्यावर ती थांबली. रिंग वाजायला लागली. वाजत राहिली.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज होता.

सू-छिनने त्याला कोपराने ढोसलं. ऑपरेशननंतर दोघांचा पहिला स्पर्श हा असा झाला.

"मी... मी लाय. हॉस्पिटलातला. मालिशवाला. मास्तरीणबाई..."

"लाय दादा!" त्या माणसाचा आवाज एकदम मऊ झाला. "मी त्यांचा मुलगा. तुम्हाला कळवायलाच हवं होतं, राहून गेलं बघा. आई गेली. सणाच्या आधी."

फान बाईंच्या पेरूंचा वास एवढा गोड होता की सू-छिनने नाकावर हात धरला.

"लाय दादा? आहात ना? अहो, आईने तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता सांगायला हरकत नाही. ती तुमच्याकडे पहिल्यांदा आली ना, तेव्हाच तिच्या हाडांत उतरलं होतं. डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. वरच्या बाईंना ठाऊक होतं, त्या म्हणाल्या, हलका हात चालेल, जाऊ दे, तेवढंच बरं वाटेल. पण आईने आम्हाला बजावलं, लायला बोलायचं नाही. तिला कुणीतरी सांगितलं होतं की आंधळे मालिशवाले असल्या माणसाला घाबरतात, हात लावत नाहीत. म्हणाली, कळलं तर तो मला नाही म्हणेल."

योंग-फूने फोन दोन्ही हातांनी धरला.

"शेवटी शेवटी तिला कुणाचाच हात सोसायचा नाही," मुलगा सांगत होता. "माझ्या बायकोने कपडे बदलले तरी कण्हायची. पण तुमच्याकडून आली की त्या रात्री झोपायची. आम्हीही झोपायचो. तुमचे उपकार आहेत दादा, आमच्यावर."

"हो," योंग-फू म्हणाला. "हो. हो."

फोन बंद झाल्यावरही तो दोनदा हो म्हणाला. मग खाटेवरून घसरून तो खाली फरशीवर बसला आणि त्याने डोकं खाटेच्या लोखंडी पायावर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा.

सू-छिन उभीच होती. रडावं की ह्याला बडवावं, हे तिला कळत नव्हतं. तो मूर्ख होता, हे आता सिद्ध झालं होतं. ज्या बाईवर तो परीक्षा घेत होता ती आधीच निघालेली होती. ती नुसती गेल्याचं त्याला कळलं असतं, आधीचं हाडांतलं नाही, तर मालिशने माणूस मरतं हे त्याने जन्मभर खरं धरलं असतं आणि बायकोपासून जन्मभर खाकरत लांब राहिला असता. पण मूर्ख म्हणून सोडूनही देता येत नव्हतं. गू मास्तरीण त्याला फसवून त्याच्याकडे आल्या, त्याने हात लावावा म्हणून. त्यानेही त्यांना फसवलं, त्या मरतात का ते बघायला. आणि ह्या दोन फसवणुकींच्या मध्ये ती बाई शांत झोपली. एकाच हातात हे सगळं मावतं कसं, ह्याचाच तिला धक्का बसला होता, आणि तो ओसरत नव्हता.

तिने चपला काढल्या. चाचपत मधल्या खाटेवर गेली आणि उताणी झोपली. डावी बाही खांद्यापर्यंत वर सारली.

"ऊठ," ती म्हणाली. "ये इकडे."

"आत्ता?"

"मास्तरीणबाई ज्या हाताने झोपायच्या, तो हात मला बघायचाय."

तो उठला. ह्या वेळी खाकरला नाही. त्याने हात धुतले, कोरडे केले, एकमेकांवर चोळून गरम केले. मग तिच्या मानेपाशी काहीतरी टेकलं, आणि हा योंग-फूचा हात आहे ह्यावर तिचा विश्वास बसेना. तो जड हात कुठे गेला होता? कातडी जराशी सरकली आणि सुटली. पुन्हा सरकली, सुटली. उजव्या काखेत, गळ्याखाली, मग छातीच्या त्या सपाट जागेशेजारी. तिथे तो क्षणभर थांबला. त्या जागेला तो पहिल्यांदा भेटत होता. मग हात पुन्हा त्याच लयीत सुरू झाला. डोळ्यांच्या कडांतून पाणी तिच्या कानांत गेलं आणि तिने ते पुसलं नाही. तिला ह्या माणसाचा संताप येत होता आणि हा हात थांबू नये असंही वाटत होतं.

दंडावर कळत होतं. कोपरावर कळत होतं. मनगटापर्यंत कळलं.

त्याने तिचं एक बोट धरलं. "कळतंय?"

"नाही."

"हे?"

"नाही."

"हे?"

"नाही कळत रे."

"असू दे," तो म्हणाला आणि पुढचं बोट धरलं. मुळापासून टोकापर्यंत, टोकापासून मुळापर्यंत, त्याच हलक्या हाताने. थांबत नव्हता.

बोळात सपाता फटकारल्या. आवाज औषधांच्या खिडकीपासून जवळ येत गेला आणि पडद्याबाहेर थांबला.

"आले गं बाई! रक्त काढायला ही गर्दी," फान बाई म्हणाल्या. "माझे पेरू कुठायत? अर्धे तुमचे, अर्धे माझे. अगंबाई, ह्यांचं चाललंय की. मी नंतर येऊ का?"

"थांबा फान बाई," सू-छिन पडल्या पडल्या म्हणाली. "आत या. योंग-फूला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"मला? काय बाई? पेरू किडके निघाले की काय?"

पडदा सरकला. योंग-फूची मूठ तिच्या बोटावर आवळली. त्याला कळलंही नसेल तो किती जोराने धरतोय. पकड वाढत गेली, हाडापर्यंत गेली, आणि तिथे खोल कुठेतरी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिचं बोट दुखलं. कळवळून ओरडावं एवढं दुखलं.

ती ओरडली नाही. बोट सोडवूनही घेतलं नाही.

"सांग," ती म्हणाली.